खुर्चीत झोपलेले बाबा

बाईंच्या वर्गात नियम एकच होता, आणि तो मुलांसाठी नव्हता, बाईंसाठी होता. मुलांच्या कागदाला हात लावायचा नाही. काही दाखवायचं असलं तर शेजारी वेगळा कागद घ्यायचा, त्यावर दाखवायचं, आणि मुलाने ते बघून आपल्या कागदावर आपल्या हाताने करायचं. मग ते कितीही वाकडंतिकडं येवो. अकरा वर्षं त्यांनी हा नियम पाळला होता. मोडला तो एकदाच, एका गुरुवारी दुपारी पावणेचारला, आणि मोडताना आपण काय करतोय हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

नियमामागे कारण होतं. बाईंचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. बाई बाराव्या वर्षापासून त्यांच्या हाताखाली अक्षरं भरायला लागल्या. त्या जेवायला गेल्या की वडील गुपचूप ब्रश उचलून त्यांची अक्षरं सारखी करत. मग गिऱ्हाईक म्हणायचं, पोरीचं वळण काय सुरेख आहे, आणि वडील कौतुकाने हसायचे. बाईंना तेव्हा कुठे तोंड लपवू असं व्हायचं. वडील गेले तरी त्यांना नक्की कळलं नाही की शहरभर टांगलेल्या त्या पाट्यांमधली आपली अक्षरं कुठली. पुढे छापील फलक आले, ब्रशांचं काम बसलं, आणि बाई एका छपाईच्या दुकानात कॉम्प्युटरवर लोकांची नावं नि फोटो सरकवायला लागल्या. चित्रकला महाविद्यालयात जायचं राहून गेलं ते गेलंच.

हा वर्ग मात्र त्यांनी स्वतःहून काढला. मंगळवार, गुरुवार, शनिवार, शाळा सुटल्यावर साडेचार ते साडेसहा, सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या खोलीत. एक लांब टेबल, न लागणारी एक खिडकी, ठिबकणारा नळ, आणि भिंतीला जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव गठ्ठे. खोली दिली होती ग्रंथपालांनी. खाली बसून ते वरच्या पावलांवरून ओळखायचे की आज किती मुलं आली. एरवी तोंड न उघडणारा माणूस, पण जिन्यात भेटला की म्हणायचा, "बाई, तुमच्या कलाकारांना सांगा, कला खुशाल करा, पण रंगाचं पाणी माझ्या कादंबऱ्यांवर नको."

वर्गात अकरा-बारा मुलं होती. त्यात एक पंधरा वर्षांची मुलगी होती. तिला सगळे टाचणी म्हणायचे. अंगाने तशी, आणि बोलायलाही तशीच. दुसऱ्याच्या चित्रातलं चुकलेलं तिला दारातून दिसायचं, आणि दिसलं की ती बोलून मोकळी व्हायची. स्वतःच्या चित्राला तर त्याहून जास्त टोचायची. बाईंना ती पहिल्या आठवड्यापासून ओळखू आली होती. अकरा वर्षांत असा डोळा त्यांच्याकडे आला नव्हता. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही, टाचणीला तर नाहीच.

त्या वर्षी चित्रकला महाविद्यालयाने शाळकरी मुलांसाठी शनिवार-रविवारचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. जागा सहा. अशा संध्याकाळच्या वर्गांकडून चित्रं मागवली होती; प्रत्येक मुलाचं एक, संपूर्ण स्वतःच्या हातचं, असं खाली वर्गशिक्षकाने लिहून द्यायचं. टाचणीने तिच्या वडिलांचं चित्र काढायला घेतलं. वडील सुतार. कामावरून आले की जेवायच्या आधी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागायचा, आणि तेवढ्या वेळात ती समोर बसून कोळशाने काढायची. मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं, शर्टाच्या खिशात पेन्सिल, उजवा हात मांडीवर, मुठीत चष्मा. कागद वर्गात आला तेव्हा बाई त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. झोपलेल्या माणसाचं वजन त्या खुर्चीवर पडलं होतं. पंधराव्या वर्षी हे जमत नाही.

घोडं अडलं ते डाव्या हातापाशी. तो खुर्चीच्या हातावर ठेवलेला होता, आणि तिथे नुसता करडा धब्बा होता. काढायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं, पुन्हा पुसायचं. तीन आठवडे हेच. शेवटी कागदाचे तंतू उठले. बाईंनी वेगळ्या कागदावर तऱ्हेतऱ्हेचे हात काढून दाखवले, स्वतःचा हात टेबलावर ठेवून दाखवला. टाचणी बघायची, मान हलवायची, आणि घरून येताना पुन्हा धब्बाच आणायची. काय अडतंय ते सांग की, असं बाईंनी एकदा विचारलं, तर म्हणाली, जमत नाहीये, आणि दप्तर उचलून निघून गेली.

गुरुवारी पाच वाजता महाविद्यालयाची गाडी चित्रं न्यायला वाचनालयाशी येणार होती. त्या दिवशी बाई छपाईच्या दुकानातून लवकर निघाल्या. साडेतीनलाच टाचणीची आई जिन्यात उभी. ती कपडे धुण्याच्या दुकानात इस्त्रीला होती, मधल्या सुट्टीत धावत आली होती. पोरीला कालपासून ताप होता. तिने निरोप दिला होता: हात झालेला नाही, तर चित्र पाठवू नका. आईने तो जसाच्या तसा सांगितला, आणि आली तशी पळाली.

बाई वर गेल्या. टाचणीने मंगळवारी आणलेलं चित्र भिंतीला लावून ठेवलेलं होतं. ते त्यांनी टेबलावर घेतलं.

पुढे त्यांनी स्वतःलाच पुष्कळदा सांगितलं की तापात मूल काहीही बोलतं. इतक्या आठवड्यांचं काम एका हातापायी का फुकट घालवायचं. हे सगळं खरं होतं. पण त्यासोबत आणखी एक गोष्ट होती, तीही खरी होती. अकरा वर्षांत त्यांच्या वर्गातलं एकही मूल कुठे निवडलं गेलं नव्हतं. आणि समोरच्या चित्राला निवडून येण्यासाठी एवढासा हात हवा होता.

त्यांनी कोळसा घेतला. दोन रेषांत बोटांची दिशा ठरवली, तंतू उठलेला कागद गडद सावलीत बुडवला, आणि त्या सावलीतून पाच बोटं वर काढली; दमलेली, सैल सुटलेली, खुर्चीच्या कडेवरून जराशी लोंबणारी. वीस मिनिटं लागली असतील. हात झाला तसं सगळं चित्र जागेवर बसलं. मग त्यांनी खालच्या ओळीवर सही केली: संपूर्ण काम विद्यार्थिनीचे आहे. पाच वाजता गाडी आली आणि चित्र गेलं.

टाचणी मंगळवारी वर्गात आली, तोंड सुकलेलं. आल्या आल्या तिने विचारलं, "पाठवलंत का?"

"पाठवलं," बाई म्हणाल्या.

"तसंच?"

नळ ठिबकत होता. मुलं आपापल्या कागदांत डोकं घालून बसली होती. बाई म्हणाल्या की जे होतं ते पाठवलं, आता त्याचा विचार सोड आणि नवीन कागद घे. टाचणी रुसली, फुरंगटली, तासभर कुणाशी बोलली नाही. पण मनातून ती जरा खूशही होती हे बाईंना दिसलं, आणि ते त्यांना जास्तच लागलं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. ग्रंथपालांनी ते खालीच फोडलं आणि जन्मात पहिल्यांदा वाचनालयात मोठ्याने बोलले. बारा चित्रं पुढच्या फेरीसाठी निवडली होती, त्यात टाचणीचं होतं. महाविद्यालयाच्या दालनात ती मांडायची, परीक्षकांनी प्रत्येक चित्रापाशी येऊन मुलाशी बोलायचं, आणि बारातून सहा घ्यायचे. आईवडिलांनी आणि शिक्षकांनी हजर राहावं. शेवटी एक ओळ होती: रेखाटनातला, विशेषतः हातांमधला, आत्मविश्वास लक्षणीय आहे.

टाचणीने पत्र दोनदा वाचलं. म्हणाली, उजवा हात मला जमलाच होता. आणि हसली. ती हसली की अगदी लहान दिसायची.

तेव्हाच सांगायला हवं होतं. बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मुलं टाळ्या वाजवत होती, कुणीतरी फळ्यावर टाचणीचं नाव चित्रासारखं काढत होतं, आणि ग्रंथपाल जिन्यातून वर येऊन दारात नुसतेच उभे राहिले होते, डोळे भरून. बाईंनी ठरवलं, उद्या सांगू.

मग नऊ दिवस बाई उद्याच म्हणत राहिल्या. जेवण बेचव लागायला लागलं. दुकानात त्यांनी एका दातांच्या डॉक्टरच्या फलकावर भलत्याच माणसाचा फोटो टाकला, मालकाची बोलणी खाल्ली. शनिवारी त्यांनी टाचणीला मुद्दाम मागे थांबवून घेतलं. ती समोर बसली, तर बाई धुतलेले ब्रश पुन्हा धुवायला लागल्या. टाचणीच म्हणाली, "बाई, तुम्हीच एवढ्या घाबरलात तर मी काय करायचं?" बाई म्हणाल्या, बरं, जा, नीट झोप. ती गेल्यावर त्या किती वेळ नळाकडे बघत बसल्या. निवड झाली नाही तर प्रश्नच मिटेल, असंही एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि आपण एका मुलीच्या हरण्याची वाट बघतोय हे लक्षात आल्यावर त्यांना स्वतःचा वीट आला.

फेरी रविवारी सकाळी दहाला होती. बाई साडेनऊलाच दालनाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. टाचणीला दारातच गाठायचं, बाजूला घ्यायचं, सांगून टाकायचं, असं त्यांनी पक्कं केलं होतं. पण टाचणी बसमधून उतरली ती पळतच, बाईंना हात करून सरळ आत शिरली. मागून तिचे वडील आले. बाईंनी त्यांना आजवर चित्रातच पाहिलं होतं. आईला सुट्टी मिळाली नव्हती. उंच, वाकलेला माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, डावा हात खिशात. त्यांनी बाईंना ओळखलं, कशा आहात विचारलं, पोरीसाठी तुम्ही फार केलंत म्हणाले. मग सुतारच ते, दालनाचं लाकडी दार बघून राहवलं नाही. खिशातला हात काढला आणि चौकटीच्या सांध्यावरून हळूच फिरवला, जोड कसा बसलाय ते बघायला.

त्या हाताची मधली दोन बोटं पहिल्याच पेरापाशी संपलेली होती.

तीन आठवड्यांचा तो धब्बा, ते काढणं नि पुसणं, ते "जमत नाहीये", सगळं एका क्षणात उलगडलं. वडील म्हणाले, "सागवान आहे. जुनं काम." आणि हात पुन्हा खिशात घालून आत निघाले. बाई त्यांच्या पुढे धावल्या.

टाचणी चित्रासमोर उभी होती. ओळीत सातवं चित्र. बाई जवळ आल्या तरी तिने मान वळवली नाही.

"हे कोणी केलं?" तिने अगदी हळू विचारलं.

"मी."

"मी पाठवू नका म्हणाले होते."

"हो."

"तुम्ही मला विचारलं का नाही?"

तेवढ्यात वडील मागे येऊन उभे राहिले. त्यांनी वरपासून खालपर्यंत चित्र पाहिलं, स्वतःलाच ओळखून जरा लाजले. मग त्यांची नजर खुर्चीच्या हातावर गेली आणि तिथेच थांबली. पाच बोटं, अखंड, ऐटीत लोंबणारी. त्यांचा खांदा किंचित हलला. खिशातला हात आणखी खोल गेला.

"छान आलंय गं," ते म्हणाले.

परीक्षक तिघं होते. त्यांच्यात पुढे एक ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या मॅडम होत्या. बोलत होत्या त्याच. ती मंडळी चौथ्या चित्रापाशी पोचली होती. बाईंनी टाचणीच्या कानाशी सांगितलं की मी त्यांना आत्ता सांगते, सगळं माझ्यावर घेते. टाचणीने त्यांचं मनगट धरलं. कोळसा धरून घट्ट झालेली बोटं ती.

"नको. बाबांसमोर नको."

"अगं, पण..."

"बाबांसमोर त्या हाताबद्दल कुणी काही बोलायचं नाही."

मंडळी पाचव्या चित्रापाशी आली. एक मुलगा अडखळत काहीतरी सांगत होता, आणि त्याची आई मागून त्याला शब्द पुरवत होती. सहावं चित्र. मॅडम वाकून बघत होत्या, कुणीतरी हसलं. गप्प राहिलं तर मुलीला जागा मिळणार होती. मुलगी स्वतःच गप्प राहा म्हणत होती. आणि तो माणूस खिशात हात घालून आपल्या पोरीच्या चित्राला छान म्हणाला होता. आता तोंड उघडलं तरी कुणाचं तरी वाटोळं, आणि मिटलं तरी.

मंडळी सातव्या चित्राशी आली. मॅडमनी आधी चित्र पाहिलं, मग वडिलांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. झोपेचं वजन फार छान पकडलंय, म्हणाल्या. कोळसा कोणता, किती दिवस लागले, असं काय काय विचारलं. टाचणी दोन-दोन शब्दांत उत्तरं देत राहिली. मग मॅडम पुढे वाकल्या.

"आणि हा डावा हात. आम्ही तिघंही याच्यावरच थांबलो होतो. बघून काढलास?"

टाचणीने एकदा बाबांकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली.

"शाबास," मॅडम म्हणाल्या, आणि मोठ्या कौतुकाने वडिलांकडे वळल्या. "बाबा, जरा तुमचा हात दाखवता का? इथे चित्राशेजारी धरा. बघू दे सगळ्यांना."

टाचणीच्या तोंडातून बारीकसा आवाज निघाला. वडील एक क्षण तसेच उभे राहिले. मग, साधा सरळ माणूस तो, मागितलं तर द्यायचं एवढंच माहीत, त्यांचा दंड हलला.

"तो हात तिने काढलेला नाही," बाई म्हणाल्या. "मी काढलाय."

दालनातली कुजबुज थांबली. मॅडम हळूहळू वळल्या. वडिलांचा दंडही जिथल्या तिथे थांबला.

"किती?" मॅडमनी विचारलं.

"डावा हात, मनगटापासून. आणि खुर्चीची ती सावली. बाकी सगळं तिचं."

"मुलीला माहीत होतं?"

"नाही. तिने आत्ताच पाहिलं. तिने तर चित्र पाठवू नका असा निरोप दिला होता. ती तापाने झोपली होती आणि मी केलं. खाली सही माझी आहे, तीही खोटी."

मॅडमनी चित्राच्या खालचं कार्ड काढून खिशात ठेवलं. ओरडल्या नाहीत. चित्र बाद, आणि बाईंच्या वर्गाकडून पुढची दोन वर्षं काही स्वीकारलं जाणार नाही, एवढं दोन वाक्यांत सांगितलं. टाचणीकडे बघून म्हणाल्या, "बाकीचं तुझं आहे हे मला दिसतंय. पण आज मी काही करू शकत नाही." आणि मंडळी आठव्या चित्राकडे सरकली.

चित्र काढून घेऊन तिघं बाहेर आली. दालनासमोर रुंद पायऱ्या होत्या. टाचणी मधल्या पायरीवर बसली, गुडघ्यांत डोकं घालून. वडील तिच्या खालच्या पायरीवर बसले. बाई उभ्याच राहिल्या. बसायचा हक्क आपल्याला नाही असं त्यांना वाटलं. त्यांनी वडिलांना सांगितलं की तुम्हाला काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन.

वडिलांनी चित्र पायरीला टेकवून ठेवलं. मग म्हणाले, "जागेचं मला एवढं कळत नाही, बाई. मी वेगळंच समजून बसलो होतो. मला वाटलं, तिला तो हात तसाच हवा असेल. अख्खा. सगळ्या पोरांच्या बापांचा असतो तसा."

टाचणीने डोकं वर केलं. "मला तसा नको होता," ती म्हणाली. "मला आहे तसा काढायचा होता. रोज काढायचे आणि पुसायचे. तुम्हाला विचारायचं होतं, चालेल का म्हणून. विचारवेना."

"का विचारवेना?"

"कारण माझ्यामुळे झालं ते."

वडिलांना काही कळलंच नाही. टाचणीने मग भराभर सांगून टाकलं, अडलं तर पुढचं बोलताच येणार नाही या भीतीने सांगावं तसं. ती पाच वर्षांची होती. बाबा कामाला असायचे त्या कारखान्याच्या दारात जाऊन तिने हाक मारली, बाबा, म्हणून. त्यांनी मान वळवली आणि यंत्राच्या करवतीने बोटं गेली. तिला सगळं आठवतं: दार, ऊन, भुसा, आणि स्वतःची हाक. घरात त्या दिवसाबद्दल कुणी कधी बोलायचं नाही, तेव्हा तिला वाटायचं की सगळ्यांना माहीत आहे आणि तिला बरं वाटावं म्हणून गप्प बसतात.

वडील पायरीवरून उठले आणि तिच्या शेजारी येऊन बसले. पहिल्यांदाच त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, उघडे.

"वेडे," ते म्हणाले. "तू हाक मारलीस ती नंतर. मी ओरडलो, म्हणून तू दारात आलीस. घाई होती म्हणून करवतीचं झाकण मी स्वतः काढून ठेवलं होतं. मालकाने दोनदा टोकलं होतं, तरी. त्याची लाज वाटते, म्हणून मी बोलत नाही. तुझा काय संबंध त्यात?"

दहा वर्षं मनाशी धरून ठेवलेली गोष्ट अशी एका वाक्यात सुटत नाही. टाचणी पुन्हा पुन्हा विचारत राहिली, आधी की नंतर, नक्की नंतर का, आणि वडील प्रत्येक वेळी तेच सांगत राहिले, न कंटाळता. बाई हळूच खाली उतरल्या आणि बसथांब्याच्या दिशेने चालायला लागल्या. मागून कुणी हाक मारली नाही, आणि मारावी अशी त्यांची अपेक्षाही नव्हती.

सोमवारी त्यांनी ग्रंथपालांना सगळं सांगितलं. ते चष्मा पुसत ऐकत होते. म्हणाले, "बाई, तुम्हीसुद्धा?" एवढंच, पण तेवढं बाईंना महाविद्यालयाच्या शिक्षेपेक्षा जास्त बोचलं. मग त्यांनी एकेका मुलाच्या घरी जाऊन आईवडिलांना स्वतःच्या तोंडाने सांगितलं. कुणी चहा दिला, कुणी दारातूनच परत पाठवलं. एकाने विचारलं की आमच्या मुलीच्या वहीत पण तुमचीच चित्रं आहेत का. बाई म्हणाल्या, नाहीत, पण तुम्ही विश्वास का ठेवावा हे मला सांगता येत नाही. सहा मुलं वर्ग सोडून गेली. वाचनालयाच्या समितीने खोली काढून घ्यायचं ठरवलं होतं. ग्रंथपालांनी बैठकीत काय सांगितलं देव जाणे, पण खोली राहिली. उरलेल्या पाच मुलांना घेऊन बाई शिकवत राहिल्या.

टाचणी आली नाही. एक महिना गेला, दोन गेले. बाई तिच्या घराकडे फिरकल्या नाहीत. तिची आई एकदा रस्त्यात भेटली, थांबली, म्हणाली की पोरगी आता बापाच्या कारखान्यात जाऊन बसते, तिथेच काढते. घरात आता त्या दिवसाबद्दल बोलतात. एकदा तर जेवताना सगळी हसलीसुद्धा. आईच्या बोलण्यात बाईंबद्दल ना राग होता ना माया. पिशवी या हातातून त्या हातात घेऊन ती चालायला लागली.

वर्ष सरलं. एका गुरुवारी, मुलं जायच्या बेतात असताना, टाचणी दारात उभी होती. चांगली वीतभर उंच झालेली, हातात मोठी वही. आत ये, असं बाईंच्या तोंडून निघेपर्यंत ती आत आलीही होती.

ती टेबलाला टेकून उभ्यानेच बोलली. या वर्षीच्या प्रवेशासाठी तिने स्वतःच अर्ज केला होता. त्यात शिक्षकाच्या नावाचा रकाना होता. बाईंचं नाव घातलं तर अर्ज फेटाळतील, आणि रकाना मोकळा सोडला तर खोटं होईल, म्हणून ती सरळ महाविद्यालयात जाऊन मॅडमना भेटली आणि विचारलं. मॅडम म्हणाल्या, बंदी वर्गावर आहे, तुझ्यावर नाही; खरं असेल ते लिही. तिने लिहिलं: दोन वर्षं बाईंकडे, नंतर एक वर्ष एकटी. सहांत तिचा नंबर चौथा लागला होता. गेल्या शनिवारपासून जायला लागली होती.

बाईंनी टेबलावरचे रंग बाजूला सारले. शेवटी म्हणाल्या, "मी तुझं फार मोठं नुकसान केलं."

"केलंत," टाचणी म्हणाली. "माझा राग अजून गेलेला नाही."

"नको जाऊ दे इतक्यात."

टाचणीने त्यांच्याकडे नीट पाहिलं, चित्राकडे पाहायची तसं, कुठे चुकलंय ते शोधत. मग खुर्ची ओढून बसली आणि वही उघडली. महाविद्यालयात जिना काढायला दिला होता, खालून वर बघितलेला, आणि तिच्या पायऱ्या वर जायच्या ऐवजी अंगावर कोसळत होत्या. तिथले सर नुसतं "बघ, बघ" म्हणतात, कुठे बघू ते सांगत नाहीत, अशी तिची तक्रार होती.

बाई म्हणाल्या, चल, खरा जिनाच बघू. दोघी खोलीबाहेर पडल्या, खाली उतरल्या, आणि वाचनालयाच्या शेवटच्या पायरीपाशी जमिनीवर मांडी घालून बसल्या. ग्रंथपाल कुलूप लावायला आले, तर वाटेत या दोघी. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, किल्ल्या खिशात टाकल्या आणि परत आपल्या खुर्चीत जाऊन बसले.